विनोद आठवड्याचा, नोटीस एकवीस दिवसांची

राजकीय विनोद नाशवंत असतो. सोमवारी मंत्र्याने केलेल्या विधानावर शुक्रवारी गाणं आलं तर लोक हसतात. तेच गाणं महिन्याने आलं तर आधी संदर्भ समजावून सांगावा लागतो, आणि समजावून सांगितलेल्या विनोदावर कुणी हसत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या हे गावीही नाही. नुसत्या तक्रारीवरून विडंबनगीत एकवीस दिवस झाकून ठेवण्याची सोय त्यात आहे. विडंबनाला संरक्षण देणारा शब्द मात्र त्यात कुठेच नाही. त्यामुळे विडंबन आणि उपहास या दोन्हींना कायद्यात नाव घेऊन जागा हवी, आणि वाद चालू असेपर्यंत गाणं लोकांसमोरच राहील अशी तरतूद तर त्याहून आधी हवी.

हा प्रश्न नीट दिसतो तो एका अमेरिकन गाण्यात, वुडी गथ्रीच्या ‘धिस लँड इज युवर लँड’मध्ये. गथ्रीने ते २३ फेब्रुवारी १९४० रोजी न्यू यॉर्कमध्ये, त्रेचाळिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या हॅनोव्हर हाउस नावाच्या साध्याशा हॉटेलात लिहिलं. त्या काळी रेडिओवर केट स्मिथच्या आवाजातलं अर्विंग बर्लिनचं ‘गॉड ब्लेस अमेरिका’ अखंड वाजत होतं. मंदीत देशोधडीला लागलेल्या लोकांबरोबर हिंडलेल्या गथ्रीला त्या गाण्यातली भक्ती पचेना. त्याने ते उत्तरादाखल लिहिलं. हस्तलिखिताचा कागद आजही उपलब्ध आहे. कडव्याच्या शेवटी येणारी ओळ आधी बर्लिनच्या शीर्षकाला चिमटा काढणारी होती. ती खोडून तिथे आज सगळ्यांच्या तोंडी असलेली ओळ आली. तळाशी शेरा आहे, की माणूस जे पाहतो तेवढंच लिहू शकतो. म्हणजे आज अर्धं राष्ट्रगीत मानलं जाणारं हे गाणं जन्मलं तेच दुसऱ्या लोकप्रिय गाण्याला टोला हाणत.

चालही उसनी. कार्टर फॅमिली या डोंगराळ भागातल्या गायक कुटुंबाने १९२८ साली ‘लिटल डार्लिंग, पाल ऑफ माइन’ आणि १९३० साली ‘व्हेन द वर्ल्ड्स ऑन फायर’ ही गाणी ध्वनिमुद्रित केली होती. गथ्रीची चाल त्यांच्याच वळणाची आहे आणि त्यांच्यामागे बाप्टिस्ट चर्चमधलं एक जुनं भजन आहे. लोकगायकांचा तेव्हाचा रिवाजच तसा होता. लोकांच्या कानात बसलेली चाल घ्यायची आणि शब्द आजचे घालायचे. आपल्याकडे शाहिरांनी आणि जलशांनी दुसरं काय केलं?

पुढे या गाण्याची रूपं वाढत गेली. गथ्रीने १९४४ मध्ये तबकड्या काढणाऱ्या मोझेस ॲशसाठी ते ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी लावलेली भिंत आडवी येते ते कडवं गायलं होतं. १९५१ साली फोकवेज कंपनीच्या तबकडीवर बाहेर आलेल्या रूपात ते नव्हतं. अमेरिकेत कम्युनिस्टांना हुडकून काढण्याचे ते दिवस होते. शाळेच्या पुस्तकांमध्ये गेलं ते सोनेरी दऱ्या आणि लांबलचक महामार्गांचं गुळगुळीत रूप. सरकारी मदतकेंद्राबाहेर उपाशी माणसांची रांग दिसते ते कडवंही गळालं. कडव्यासकट ते जुनं ध्वनिमुद्रण स्मिथसोनियनच्या संग्रहातून लोकांपर्यंत पोचायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. दरम्यान द ट्रॅव्हलर्स या कॅनडातल्या गटाने १९५५ मध्ये गावांची नावं बदलून त्याचं कॅनडीकरण केलं, साठच्या दशकात पीटर, पॉल अँड मेरीने ते तीन आवाजांत बांधलं, ऐंशीच्या दशकात ब्रूस स्प्रिंगस्टीनने मोठमोठ्या मैदानांत ते संथ, खिन्न करून गायलं, आणि २००५ साली शॅरन जोन्सने फंकच्या ठेक्यावर असं उचललं की मूळ चाल ओळखायला क्षणभर थांबावं लागतं. जानेवारी २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीआधी लिंकन स्मारकासमोर पीट सीगर आणि स्प्रिंगस्टीन यांनी गळालेली कडवी भर सभेत परत गायली. २०१७ मध्ये लेडी गागाने सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातल्या कार्यक्रमात, २०२१ मध्ये जेनिफर लोपेझने बायडेन यांच्या शपथविधीत त्यातल्या ओळी घेतल्या. तेव्हा मूळ अमेरिकन रहिवाशांपैकी अनेकांनी विचारलं, ही जमीन तुमची-आमची झाली कधी, ती तर आमची होती.

यातल्या बारकाव्याकडे लक्ष द्यायला हवं. गाण्याचे दात प्रकाशकाने छापलेल्या प्रतीत पडले आणि रस्त्यावर गाणाऱ्यांनी ते जपले. मालकी एका कंपनीकडे होती. गाणं जिवंत राहिलं ते मात्र परवानगी न विचारता गाणाऱ्यांमुळे.

जुलै २००४ मध्ये या गाण्याचं आणखी एक रूप आलं. बुश विरुद्ध केरी अशी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक चार महिन्यांवर होती. ‘जिबजॅब’ या छोट्या ॲनिमेशन कंपनीच्या ग्रेग आणि इव्हान स्पिरिडेलिस या भावांनी दोनेक मिनिटांची चित्रफीत काढली. फोटोतून कात्रीने कापल्यासारखे दिसणारे बुश आणि केरी गथ्रीच्या चालीवर एकमेकांची लाज काढतात आणि देश आपल्याच बापाचा असल्याचं सांगतात. मध्येच एक मूळ अमेरिकन माणूस, ही जमीन माझी होती, असं म्हणून जातो. चित्रफीत लाखोंनी पाहिली. लगेच गाण्याचे हक्क सांगणाऱ्या लडलो म्युझिक या प्रकाशकाचं पत्र आलं की हे बंद करा.

भावांना इंटरनेटवरच्या हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे वकील भेटले. लडलोने खटला भरण्याची वाट न पाहता त्यांनी स्वतःच कोर्टात जाऊन, आम्ही हक्कभंग केलेला नाही असं जाहीर करा, अशी मागणी केली. कागदपत्रं चाळताना त्यांच्या हाती १९४५ साली गथ्रीने पंचवीस सेंटला विकलेली दहा गाण्यांची सायक्लोस्टाइल पुस्तिका लागली. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट आधी २८ वर्षांचा असे आणि वेळेत नूतनीकरण केलं तरच पुढे चाले. लडलोची नोंदणी १९५६ ची, नूतनीकरण १९८४ चं. पुस्तिका हे पहिलं प्रकाशन धरलं तर मुदत १९७३ मध्येच संपली होती. लडलोने ऑगस्टमध्ये तडजोड केली आणि चित्रफीत चालू राहिली. मतदान २ नोव्हेंबरला होतं. तडजोड नोव्हेंबरच्या मध्यावर झाली असती तर कायद्याने भाऊ जिंकले असते आणि चित्रफीत कुणी ढुंकूनही पाहिली नसती.

मालकीचा मूळ प्रश्न मात्र सुटला नाही. २०१६ मध्ये एका बँडने तो पुन्हा न्यूयॉर्कच्या न्यायालयात नेला. लडलोने, या बँडवर आम्ही कधीच दावा करणार नाही, असं लिहून दिलं आणि २०२० मध्ये न्यायालयाने, आता वादच उरला नाही, म्हणून प्रकरण मिटवलं. पुढच्या वादाला जागा राहिलीच.

जिबजॅब सुटलं ते जुन्या पुस्तिकेमुळे, विडंबनाच्या कायद्यामुळे नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली टू लाइव्ह क्रू या रॅप गटाच्या बाजूने एकमताने निकाल दिला. त्यांनी रॉय ऑर्बिसनच्या ‘ओ प्रिटी वुमन’ची टवाळी केली होती. कॅपिटल स्टेप्स या वॉशिंग्टनच्या मंडळीनेही त्या खटल्यात न्यायालयाला मदतीचं निवेदन दिलं होतं. १९८१ साली सिनेटच्या कर्मचाऱ्यांनी सुरू केलेली ही मंडळी नेत्यांवर विडंबनगीतं गाऊन चार दशकं चालली. निकाल विडंबनकारांना आधार देणारा होता, पण न्यायमूर्ती सूटर यांनी त्यात एक मेख मारून ठेवली. मूळ गाण्याचीच खिल्ली उडवणारं ते विडंबन, त्याला उसनवारीचा हक्क जास्त. मूळ गाणं हत्यार म्हणून वापरून दुसऱ्यालाच झोडपणारा तो उपहास, त्याने उसनवारीचं वेगळं कारण द्यायला हवं.

राजकीय विनोदाचा घात इथेच होतो. आठवड्याच्या राजकारणावर गाणं करणाऱ्याला मूळ गाण्याशी भांडण नसतंच. त्याला सगळ्यांच्या ओठावरची चाल हवी असते, म्हणजे पहिल्याच ओळीला श्रोता सोबत येतो. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिपब्लिकन उमेदवार चार्ल्स डीव्होर यांनी डॉन हेन्लीच्या ‘द बॉइज ऑफ समर’चे शब्द बदलून ओबामांना चिमटे काढले. न्यायालय म्हणालं, हा हक्कभंग आहे. जिबजॅबच्या वकिलांना तर त्या मूळ अमेरिकन माणसाच्या एका ओळीवर भर देऊन, ही चित्रफीत गथ्रीच्या एकतेच्या स्वप्नाचीही चेष्टा करते, अशी बाजू मांडावी लागली. बाजू खोटी नव्हती, पण विनोदकाराला असं वळसा घालून सिद्ध करायला लावणं हे कायद्याचं कोतेपण आहे.

इतर देशांनी हे ओळखलं. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये आणि कॅनडाने २०१२ मध्ये विडंबन आणि उपहास हे दोन्ही शब्द कायद्यात घातले. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ पासून व्यंगचित्रण, विडंबन आणि शैलीची नक्कल यांना मोकळीक दिली. त्याच वर्षी युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या डेकमिन खटल्यात निकाल दिला. एका उजव्या पक्षाच्या नेत्याने जुन्या चित्रकथेच्या मुखपृष्ठावर नाणी उधळणाऱ्या पात्राच्या जागी गेंट शहराचा महापौर काढून दिनदर्शिका वाटली होती. न्यायालयाने दोन कसोट्या पुरेशा मानल्या. मूळ कृती आठवावी पण फरक उघड दिसावा, आणि त्यात विनोद किंवा टवाळी असावी. टवाळी मूळ कृतीचीच हवी ही अट नाही. मात्र भेदभाव पसरवणाऱ्या संदेशाशी आपलं नाव जोडलं जाऊ नये हा मूळ हक्कदाराचा रास्त हितसंबंधही न्यायालयाने मान्य केला. भारताने कित्ता गिरवायचा तर या निकालाचा गिरवावा, अमेरिकेचा नको.

आता महाराष्ट्राकडे. इथे राजकीय टवाळीला बतावणीइतकी जुनी परंपरा आहे. चांगला सोंगाड्या त्या आठवड्याची बातमी त्याच रात्री वगात घालतो, आणि दादा कोंडक्यांच्या लोकनाट्याचे प्रयोग लोक पुन्हा पुन्हा पाहायला जात ते याचसाठी. लेखी विडंबनाला अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ने १९२५ सालीच मान मिळवून दिला. तरी आपल्या राज्याच्या रंगभूमी परिनिरीक्षणाच्या व्यवस्थेत संहिता आधी मंजूर करून घ्यावी लागते, म्हणजे ऐन वेळी सुचलेली कोटी कागदोपत्री नियमबाह्यच. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दोन अलीकडची प्रकरणं शेजारी ठेवून पाहा. २०१७ च्या पावसाळ्यात ‘सोनू, तुला माझ्यावर भरोसा नाय काय’ या गाण्याची रूपं घरोघरी निघत होती. रेडिओवरच्या मलिष्काने त्याच चालीवर मुंबईचे खड्डे आणि महापालिका यांच्यावर गाणं केलं. शिवसेनेच्या नगरसेवकांनी पाचशे कोटींच्या अब्रुनुकसानीची मागणी केली, आणि महापालिकेच्या पथकाला तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडून नोटीस निघाली. कॉपीराइटचा प्रश्न कुणी काढला नाही, कारण चाल तोंडोतोंडी फिरलेली, तिच्यावर ठामपणे मालकी सांगणारी कंपनी नव्हती. त्रास द्यायला अळ्या शोधाव्या लागल्या!

मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराने ‘दिल तो पागल है’मधल्या गाण्याच्या चालीवर, नाव न घेता, ठाण्याची रिक्षा, दाढी, चष्मा आणि गुवाहाटी असे संदर्भ जोडत एकनाथ शिंदे यांच्यावर गाणं म्हटलं. खारमधल्या ज्या स्टुडिओत ते चित्रित झालं तिथे शिवसैनिकांनी मोडतोड केली, दुसऱ्या दिवशी महापालिकेने तिथल्या बांधकामावर हातोडा चालवला, गुन्हा नोंदला गेला. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिलं, तपास चालू ठेवला. या धामधुमीत त्याच कार्यक्रमाच्या व्हिडिओवर, त्यातल्या ‘मिस्टर इंडिया’मधल्या ‘हवा हवाई’च्या चालीवरच्या दुसऱ्या गाण्यावरून, टी-सिरीजने कॉपीराइटचा दावा लावला. मूळ ध्वनिमुद्रण वापरलेलं नाही, असं कामराचं म्हणणं. गाण्याच्या मूळ संगीतरचनेची परवानगी घेतलेली नाही, असं कंपनीचं. कंपनीवर कुणाचा दबाव होता असं म्हणायला आधार नाही आणि त्याची गरजही नाही. कायद्यातली पळवाट ज्याला हवी त्याला वापरता येते, एवढं पुरे.

कायदा नेमका कुठे अडवतो? एका सिनेगीतात तीन वेगळे हक्क असतात, शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. विडंबनकार शब्द नवे लिहितो आणि वाद्यमेळ स्वतः वाजवतो, म्हणून दोन हक्क बाजूला पडतात. चाल उरते. पुन्हा गाण्यासाठी कलम ३१सी मध्ये परवान्याची वाट आहे. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं जाऊ द्यायची, आधी नोटीस द्यायची, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरायचं. एवढं करूनही, तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य नसलेला बदल करायचा नाही, ही अट आहेच. म्हणजे भक्तिभावाने केलेल्या नकलेला परवाना मिळतो, शब्द फिरवून टवाळी करणाऱ्याला तो मिळूच शकत नाही. उरतं कलम ५२(१)(ए). त्यात टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींचं वृत्तांकन यांसाठी उचित वापराची मुभा आहे. विडंबन त्यात बसवायचं तर न्यायाधीशाच्या उदारपणावर विसंबावं लागतं. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती उदारता दाखवली. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या कम्युनिस्ट नाटकावर सिव्हिक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिलं होतं. किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि मूळ नाटकाचा प्रेक्षक पळेल का, हे तीन प्रश्न विचारून न्यायालयाने ते वाचवलं. पण तिथे टीकेचा रोख मूळ नाटकावरच होता. शिंद्यांवरचं गाणं ‘दिल तो पागल है’चे संगीतकार उत्तम सिंग यांच्या चालीवर काही भाष्य करत नाही.

जाता जाता, याच कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि तिच्याबरोबरचे समारंभ यांना गाणी वाजवायची सूट आहे. नवरदेवाच्या घोड्यापुढे जे गाणं मोफत वाजतं, त्याच चालीवर महापौरांची चेष्टा केली की वकील शोधावा लागतो.

आणि हा फक्त दिवाणी मामला नाही. कलम ६३ खाली हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. बनावट माल विकणाऱ्याला हे लागू पडावं यात वावगं काही नाही. तेच हत्यार दोन मिनिटांच्या गाण्यावर चालवता येतं, हे भयंकर आहे.

आता वेळेचं गणित मांडू. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रार आली की संकेतस्थळाने ३६ तासांत मजकूर झाकायचा. कलम ५२(१)(सी) प्रमाणे तो २१ दिवस झाकलेला राहतो. त्या मुदतीत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मजकूर पुन्हा खुला करता येतो. म्हणजे आदेश न आणता, एक पैसाही खर्च न करता, तीन आठवड्यांचा मनाई हुकूम हाती येतो. यूट्यूबची स्वतःची पद्धत यावर आणखी. तिथे गाणं ओळखणाऱ्या यंत्रणेकडून आपोआप लागणारा कंटेंट आयडीचा दावा वेगळा आणि काढून टाकण्याची औपचारिक मागणी वेगळी. दाव्यावर हरकत घेतली की दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. औपचारिक मागणीने चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाची ताकीद, पडतो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल बंद. प्रतिनोटीस दिली तर तक्रारदाराला दावा दाखल करायला अमेरिकेचे दहा कामकाजाचे दिवस असतात, आणि तोवर व्हिडिओ गायब. शिवाय प्रतिनोटिशीत खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो आणि तो थेट तक्रारदाराकडे जातो. स्टुडिओ फोडणारे मोकळे फिरत असताना घरचा पत्ता लिहून द्यायचा की नाही, हा प्रश्न कॉपीराइटच्या पुस्तकात नसतो.

पश्चिम बंगालात २०१२ मध्ये जादवपूर विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना ममता बॅनर्जींवरचं, सत्यजित राय यांच्या सिनेमातले संदर्भ घेऊन केलेलं व्यंगचित्र ईमेलने पाठवल्याबद्दल अटक झाली. त्या खटल्यातून त्यांची सुटका जानेवारी २०२३ मध्ये झाली. ते कॉपीराइटचं प्रकरण नव्हतं, पण आठवड्याच्या विनोदाची आपल्याकडे काय किंमत मोजावी लागते ते त्यावरून दिसतं. आणि पक्ष कुठलाही असो, फरक पडत नाही हेही.

यावर गीतकार-संगीतकारांची बाजू आहे आणि ती ऐकायलाच हवी. सिनेसंगीतातल्या माणसांना २०१२ च्या दुरुस्तीनंतर कुठे मानधनाचा वाटा मिळू लागला. विडंबनाच्या नावाखाली जाहिराती आणि प्रचारगीतं घुसली तर तोही जाईल. भीती खरी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारत जोडो यात्रेच्या चित्रफितीत ‘केजीएफ २’चं संगीत जसंच्या तसं वापरल्यावरून बंगळुरूच्या न्यायालयाने काँग्रेसची ट्विटर खाती बंद करायला सांगितली, आणि उच्च न्यायालयाने चित्रफीत काढण्याच्या अटीवर तो आदेश उठवला. खातीच बंद करणं हा अतिरेक होता, पण संगीताचे पैसे मागणं योग्यच. अमेरिकेत ट्रम्प यांच्या प्रचाराने बायडेन यांची टर उडवणाऱ्या चित्रफितीमागे एडी ग्रँटचं ‘इलेक्ट्रिक ॲव्हेन्यू’ तसंच्या तसं वाजवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ग्रँटच्या बाजूने निकाल दिला, आणि तो बरोबर आहे. तिथे गाण्यावर कुणी काही मेहनत घेतली नव्हती, तयार तबकडी लावली होती. नेत्याचे गोडवे गाणारं प्रचारगीत डेकमिनच्या दुसऱ्या कसोटीवर पडतं, कारण त्यात टवाळी नसते. दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण उचलणारा पहिल्या कसोटीवर पडतो. सीमा काढता येते. कलम ५७ चा नैतिक हक्कही कुणी काढून घ्यायचा नाही. कवीच्या शब्दांची मोडतोड करून त्याची बदनामी झाली तर त्याने जरूर न्यायालयात जावं. फक्त शब्द सगळेच नवे असतील तर मोडतोड कशाची, याचं उत्तर त्याने द्यावं.

मग बदल काय हवा? कलम ५२(१)(ए) मध्ये टीका आणि समीक्षेच्या शेजारी ‘विडंबन, उपहास आणि व्यंगचित्रण, मग त्याचा रोख मूळ कृतीवर असो वा नसो’ एवढे शब्द घालावेत. कलम ५२(१)(सी) मध्ये अपवाद करावा की ज्याने विडंबन म्हणून आपल्या नावानिशी संकेतस्थळाकडे नोंद केली आहे, त्याचा मजकूर न्यायालयाच्या आदेशाशिवाय झाकता येणार नाही, आणि ते नाव न्यायालयाने मागितल्याशिवाय तक्रारदाराला मिळणार नाही. वाद चालू असताना त्या व्हिडिओच्या जाहिरातीचं उत्पन्न वेगळ्या खात्यात ठेवावं. निकाल विडंबनकाराविरुद्ध गेला तर ते संगीतकाराला मिळेल. संगीतकाराचं नुकसान पैशाने भरून निघतं, गेलेल्या आठवड्याचं निघत नाही. कलम ६० मध्ये बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध दावा करायची सोय आजही आहे, जिबजॅबने अमेरिकेत केलं तसंच काहीसं, पण तिचा वापर करायला महिने आणि पैसे लागतात. खोट्या तक्रारीला ठरावीक किमान भरपाई कायद्यातच लिहिली तर तक्रारदार दोनदा विचार करेल.

हे होईपर्यंत गाणं करणाऱ्यांनी कामात काळजी घ्यावी. बरीच विडंबनं अडकतात ती तयार कराओके ट्रॅकमुळे. शब्द आपले, आवाज आपला, पण पार्श्वसंगीत कुण्या कंपनीचं ध्वनिमुद्रण असतं आणि यंत्र त्याची खूण काही मिनिटांत पकडतं. हार्मोनियम, ढोलकी, गिटार, जे असेल ते स्वतः वाजवावं. सूर आणि लय बदलली की यंत्राला जुळवणं अवघड जातं, पण त्यावर भरवसा ठेवू नये, कारण चालही ओळखणारी यंत्रणा आहे. मुखडा घ्यावा, अंतरा शक्यतो स्वतःचा बांधावा. श्रोत्याला ओळख पटायला मुखड्याच्या दोन ओळी पुरतात, आणि जेवढं कमी घेतलं तेवढी न्यायालयातली बाजू भक्कम होते. मधले संगीताचे तुकडे टाळावेत, विनोदाला त्यांचा उपयोग नसतो आणि दाव्यात तेच पहिल्यांदा दाखवले जातात. एखादी ओळ मूळ गाण्यालाही चिमटा काढणारी असली तर उत्तम. दीड तासाच्या कार्यक्रमात एक गाणं असेल तर ते वेगळा व्हिडिओ म्हणूनही टाकावं, म्हणजे एका चालीच्या दाव्याने सगळा कार्यक्रम झाकला जात नाही. स्ट्राइक आला तर घाबरून व्हिडिओ स्वतः काढून टाकू नये, कारण नुसतं काढून टाकल्याने स्ट्राइक जात नाही.

आणखी एक रस्ता उरतो, ज्या चालींवर कुणाची मालकी उरलेली नाही त्या वापरण्याचा. ओव्या, भारुडं, गोंधळ, पोवाड्याची चाल, सगळ्यांच्या कानात आहेत आणि फुकट आहेत. फक्त त्यांचं एखाद्या कंपनीने केलेलं ध्वनिमुद्रण वापरायचं नाही, आणि सिनेमावाल्यांनी त्यांत घातलेली नवी भर कोणती हे तपासून घ्यायचं. गथ्री ३ ऑक्टोबर १९६७ रोजी वारला. भारतीय कायद्याची लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं २०२७ च्या अखेरीला संपतात, तेव्हा १ जानेवारी २०२८ पासून त्याच्या गाण्यावर भारतात मराठी शब्द बसवायला लडलोला विचारावं लागणार नाही. ‘दिल तो पागल है’चे गीतकार आनंद बक्षी २००२ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०६२ च्या अखेरपर्यंत बांधलेले आहेत. उत्तम सिंग हयात आहेत, म्हणजे त्यांच्या चालीची मुदत अजून मोजायलाही लागलेली नाही.